नोटिफिकेशन दाबलं, पण उत्तर कोण देणार?

ग्नोमच्या, म्हणजे लिनक्सवरच्या एका डेस्कटॉपच्या, पडद्यावर वरच्या बाजूला नोटिफिकेशन येतं, साधारण चार सेकंद थांबतं आणि आत जातं. त्या चार सेकंदांत कुणी क्लिक केलं तर काय व्हावं, हे सांगणं सोपं आहे. चार तासांनी कुणी क्लिक केलं तर काय व्हावं, हा खरा प्रश्न. सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या मोंढ्यात बसून मी या दुसऱ्या प्रश्नामागे लागले होते. त्यातून जे हाती आलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण डेस्कटॉपसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या कुणालाही हा प्रश्न आज ना उद्या गाठणारच.

मोंढ्यात माझ्या मामाचं आडतीचं दुकान आहे. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर डेबियन हे लिनक्स आणि ग्नोम मीच टाकून दिलेलं. सकाळी शेतकऱ्यांचा माल उतरतो, सौदा निघतो, मग मापाडी काट्यावर कट्टे लावतात. वजन झालं की मुनीमकाका त्या लॉटची हिशेबपट्टी करतात: वजन गुणिले भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा. काट्यावरचा मुलगा वजन आणि ओलाव्याचा आकडा मोबाइलवरून टाकतो आणि तो दुकानाच्या वाय-फायवरून ऑफिसातल्या डेटाबेसमध्ये येतो. नवी नोंद आली की एक छोटी स्क्रिप्ट नोटिफाय-सेंड ही आज्ञा चालवायची आणि पडद्यावर यायचं, ‘लॉट ४७, वजन आलं’.

बरेच दिवस तेवढ्यावर भागत होतं. मुनीमकाका वाचायचे आणि प्रोग्राममध्ये जाऊन लॉट शोधून उघडायचे. दसऱ्यानंतर आवक वाढली तसं शोधणं जड व्हायला लागलं. फोनवर आलेला मेसेज दाबला की उघडतो, ही सवय त्यांच्या बोटांना होतीच. त्यांनी इथेही दाबून बघितलं.

“दाबलं की गायबच व्हायलंय बघा ताई. उघडंना बी गेलंय, आन् कोणता लॉट होता ते बी ध्यानात राहिना गेलंय.”

काहीच झालं नसतं तर एक वेळ चाललं असतं. इथे दाबल्यामुळे हातातली माहितीही जात होती. पुढे त्यांनी दाबणंच सोडलं. नोटिफिकेशन आलं की पेनाने जुन्या पावतीच्या पाठीमागे लॉटचा नंबर लिहून ठेवायचे. चांगल्या वळणदार अक्षरातले ते आकडे बघितले आणि हे आता नीटच करायचं, असं मी ठरवलं.

लिनक्सच्या डेस्कटॉपवर प्रोग्राम स्वतः नोटिफिकेशन काढत नाही, तो फक्त विनंती करतो. ही विनंती डी-बसवरून जाते. एकाच मशिनवर चालणाऱ्या प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची ही व्यवस्था. विनंती घेणाऱ्याचं नाव सगळ्या डेस्कटॉपांनी मिळून ठरवलेलं आहे, ऑर्ग डॉट फ्रीडेस्कटॉप डॉट नोटिफिकेशन्स. ग्नोमवर त्या नावामागे ग्नोम शेल, म्हणजे ग्नोमचा पडदा सांभाळणारा भाग असतो, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर प्लाझ्मा. प्रोग्राम ‘नोटिफाय’ नावाची विनंती पाठवतो. सोबत शीर्षक, मजकूर, चिन्ह, कृतींची यादी, काही इशारे आणि किती वेळ ठेवायचं ते कळवतो. उत्तरात त्याला एक क्रमांक मिळतो. पुढे त्या नोटिफिकेशनचं काही झालं की शेल तो क्रमांक घेऊन बसवर हाळी देतं.

हाळी मुख्यतः दोन प्रकारची. ‘ॲक्शन इन्व्होक्ड’ म्हणजे या क्रमांकावर अमुक कृती केली गेली. ‘नोटिफिकेशन क्लोज्ड’ म्हणजे ते बंद झालं, आणि सोबत कारणाचा आकडा: १ असेल तर वेळ संपली, २ असेल तर माणसाने हटवलं, ३ असेल तर प्रोग्रामनेच मागे घेतलं. कृतींच्या यादीत ‘डिफॉल्ट’ नावाची कृती दिलेली असेल तर ती साधारणपणे बटण म्हणून दिसत नाही. नोटिफिकेशनच्या अंगावर कुठेही क्लिक केलं की तीच कृती लागू होते.

मी टर्मिनलमध्ये बसवरचे निरोप दाखवणारा डीबस-मॉनिटर लावून बसले आणि काकांना म्हटलं, नेहमीसारखं दाबा. बसवर एवढंच दिसलं: नोटिफिकेशन क्लोज्ड, कारण २. ॲक्शन इन्व्होक्डचा पत्ता नाही. म्हणजे शेलच्या हिशेबी माणसाने सूचना बघितली आणि बाजूला सारली. त्याच्याजवळ याहून जास्त करण्यासारखं काही नव्हतंच. नोटिफाय-सेंडच्या साध्या आज्ञेत डिफॉल्ट कृती नसते. आणि असती तरी ऐकायला कोण होतं? ती आज्ञा विनंती टाकून त्याच क्षणी संपते. क्लिक होईपर्यंत पाठवणारा उरलेलाच नसतो.

इथे ग्नोम शेलचा कोड उघडून वाचला. मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं सुख मला अशाच वेळी सगळ्यात जास्त जाणवतं. शेलचा हा भाग जावास्क्रिप्टमध्ये आहे. एक फाइल मेसेज ट्रेची आणि दुसरी नोटिफिकेशन डीमनची. ज्याला जावास्क्रिप्ट वाचता येतं त्याला या दोन फाइली एका बैठकीत समजतात. क्लिक झाल्यावरचा क्रम तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. डिफॉल्ट कृती असेल तर तिची हाळी द्यायची. नसेल तर ज्या प्रोग्रामकडून सूचना आली असं शेलला वाटतं तो उघडायचा. आणि नंतर सूचना काढून टाकायची. ‘रेसिडेंट’ असा इशारा पाठवला असेल तरच ती टिकते. आमच्या स्क्रिप्टमागे शेलच्या ओळखीचा कुठलाच प्रोग्राम नव्हता, म्हणून उघडायला काही नव्हतं, आणि काढून टाकणं तेवढं नेमाने होत होतं.

त्याच फाइलीत आणखी एक गोष्ट सापडली, तिने मला विचारात पाडलं. पाठवणारा प्रोग्राम बसवरून निघून गेला की शेल त्याच्या सूचनाही पुसतं. नोटिफाय-सेंडसारख्या लगेच निघून जाणाऱ्यांना यातून वगळलं आहे आणि तसं कोडमध्ये टिपणही आहे. मला हा नियम पटतो. ज्या सूचनेला उत्तर द्यायला कुणी शिल्लक नाही, ती माणसासमोर ठेवून काय करायचं?

पण मोंढ्यातला दिवस या नियमात बसत नाही.

मुनीमकाका खुर्चीवर बसून नोटिफिकेशनची वाट बघत नसतात. सौदा निघताना ते मामासोबत ढिगाऱ्यांवर असतात. एखादा शेतकरी दारात येतो, “माझी पट्टी झाली का हो?” म्हणतो, त्याच्याशी बोलणं होतं. खरेदीदाराचा माणूस येऊन ओलाव्यावरून घासाघीस करतो. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्के ओलाव्याचा निकष सगळ्यांच्या तोंडी असतो, त्यामुळे मोकळ्या बाजारातही १३ आला की वाद ठरलेलाच. मध्येच वीज जाते. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो, पण बॅटरी वाचवायची म्हणून कुणीतरी तो बंद करून ठेवतं. अशा दिवसात क्लिक उशिराच येतो. सकाळी आलेली सूचना जेवण झाल्यावर दाबली जाते, कधी दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात प्रोग्राम बंद होऊन पुन्हा सुरू झालेला असतो, लॉटची स्थिती बदललेली असते. तेव्हा सूचना पाठवताना एकच प्रश्न मनात धरायचा: ही कधीतरी दाबली जाईल तेव्हा उत्तर द्यायला कोण असेल, आणि त्याला काय माहीत असेल?

मधला उपाय म्हणून नोटिफाय-सेंडलाच थांबायला सांगून बघितलं. नव्या आवृत्त्यांमध्ये कृती जोडायची आणि उत्तराची वाट बघायची सोय आहे. डिफॉल्ट कृती दिली, थांबायला सांगितलं, क्लिकचं नाव परत आलं की लॉट उघडायचा. लगेच दाबलं तर छान चालायचं. काका खूश झाले, मला मात्र पुढचं दिसत होतं. गर्दीच्या दिवशी प्रत्येक लॉटमागे एक आज्ञा वाट बघत ताटकळणार, आणि मशिन बंद झालं की सगळ्यांचा निकाल एकदम. चार सेकंदांतल्या क्लिकसाठी हे ठीक आहे. आमचा क्लिक तसा नव्हता.

उत्तर मिळालं जीनोटिफिकेशनमध्ये. ग्नोमचे प्रोग्राम ज्या लायब्ररीवर उभे असतात त्या जीलिबच्या २.४० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, ती सोय आहे. तिच्यामागची कल्पनाच वेगळी आहे. जुन्या पद्धतीत सूचना चालू प्रोग्रामची असते. इथे ती ॲप्लिकेशनच्या ओळखीची असते, मग तो त्या घडीला चालू असो वा नसो. कागदपत्रांत तसं सरळ लिहिलं आहे: डेस्कटॉपची साथ असेल तर ही सूचना प्रोग्राम संपल्यावरही टिकते, अगदी मशिन पुन्हा सुरू केल्यावरही. आणि प्रोग्राम चालू नसताना माणूस ती दाबू शकतो, म्हणून डी-बसने प्रोग्राम जागा करता यायला हवा, अशी पुढची अटही तिथेच आहे. मोंढ्याला हेच हवं होतं.

यासाठी स्क्रिप्टचं काम पट्टीच्या मुख्य प्रोग्राममध्ये आणलं. तो पायथन भाषेत आणि खिडक्या-बटणं काढणाऱ्या जीटीके ४ या लायब्ररीवर लिहिलेला आहे. प्रोग्रामला उलट्या डोमेनसारखी, म्हणजे वेबसाइटचा पत्ता उलटा लिहावा तशी, एक ओळख द्यावी लागते. ती ओळख तीन ठिकाणी अक्षरन् अक्षर सारखी असावी लागते: प्रोग्रामच्या आत, डेस्कटॉपला प्रोग्रामची माहिती देणाऱ्या डेस्कटॉप फाइलच्या नावात, आणि प्रोग्राम कोणत्या आज्ञेने जागा करायचा ते सांगणाऱ्या डी-बसच्या सर्व्हिस फाइलमध्ये. डेस्कटॉप फाइलमध्ये ‘डीबस-ॲक्टिव्हेटेबल’ ही ओळ खरी म्हणून घालायची. सर्व्हिस फाइलमधल्या आज्ञेला ‘जीॲप्लिकेशन-सर्व्हिस’ हा पर्याय जोडायचा, म्हणजे प्रोग्राम खिडकी न उघडता जागा होतो आणि कुणी काय सांगतंय त्याची वाट बघतो. तिन्हीपैकी एका ठिकाणी कॅपिटल-स्मॉलचा फरक पडला तरी क्लिक शांतपणे विरतो, कुठे तक्रारही उमटत नाही. म्हणून हे जोडताना ओळख हाताने टाइप करू नये, एकीकडून उचलून दुसरीकडे चिकटवावी.

सूचनेला डिफॉल्ट कृती देताना कृतीच्या नावाआधी ‘ॲप डॉट’ लागतं, कारण कृती संपूर्ण ॲप्लिकेशनची असावी लागते, एखाद्या खिडकीची चालत नाही. कारण उघड आहे. क्लिक येईल तेव्हा खिडकी असेलच याचा भरवसा काय? कृतीसोबत एक लक्ष्यही पाठवता येतं. आम्ही ‘लॉट उघड’ ही कृती ठेवली आणि लक्ष्य म्हणून लॉटचा नंबर दिला. क्लिक झालं की शेल प्रोग्रामला ऑर्ग डॉट फ्रीडेस्कटॉप डॉट ॲप्लिकेशन या ठरलेल्या वाटेने सांगतं: ही कृती कर, लक्ष्य ४७. प्रोग्राम झोपलेला असेल तर डी-बस आधी त्याला उठवतं आणि मग निरोप देतं.

हे तपासायची एक पद्धत सांगते, तिने माझा पुष्कळ वेळ वाचला. आधी शेलला बाजूला ठेवायचं. ‘जीॲप्लिकेशन ॲक्शन’ ही आज्ञा प्रोग्रामची ओळख, कृतीचं नाव आणि लक्ष्य घेऊन टर्मिनलमधून तोच निरोप पाठवते. प्रोग्राम पूर्ण बंद करायचा, ही आज्ञा द्यायची आणि लॉट उघडतो का बघायचं. उघडला तर प्रोग्रामची बाजू पक्की, मग सूचनेकडे वळायचं. नाही उघडला तर शेलच्या कोडमध्ये शिरण्यात अर्थ नाही, गडबड ओळखीत किंवा सर्व्हिस फाइलमध्ये आहे. दोन्ही बाजू एकदम तपासायला गेलं की दोष कुठला ते कळत नाही.

काट्यावरून वजन पाठवायला लावलं, सूचना आल्यावर प्रोग्राम मारून टाकला, थोडा वेळ जाऊ दिला, वरच्या पट्टीतल्या घड्याळावर क्लिक करून सूचनांच्या यादीत गेले आणि लॉटवर दाबलं. प्रोग्राम जागा झाला, लॉट उघडला. पण खिडकी पुढे आली नाही! ती मागे, ब्राउझरच्या आड उघडली आणि वर नवी सूचना आली की अमुक ॲप्लिकेशन तयार आहे. सूचना दाबली म्हणून सूचना आली, ती दाबली की मग खिडकी. मुनीमकाकांना दोनदा दाबायला सांगणं मला मान्य नव्हतं.

हा वेलँडचा, म्हणजे लिनक्सवर खिडक्या पडद्यावर मांडायच्या व्यवस्थेचा भाग आहे, आणि तोही नीट समजून घेण्यासारखा. तुम्ही एका खिडकीत टाइप करत असताना दुसऱ्या प्रोग्रामने मध्येच उडी मारून पुढे येऊ नये, अशी राखण ग्नोम करतं. ती योग्यच आहे. मुनीमकाका हमालीचा आकडा टाइप करत असताना दुसरीच खिडकी पुढे आली तर तो आकडा भलत्याच रकान्यात जाईल. पुढे यायचं तर ‘माणसाने मला बोलावलंय’ याचा पुरावा लागतो. त्यासाठी एक्सडीजी-ॲक्टिव्हेशन नावाचा प्रोटोकॉल २०२१ मध्ये वेलँडच्या प्रोटोकॉलांत आला. क्लिक होतो त्या क्षणी शेल एक टोकन तयार करतं, ते कृतीसोबत प्रोग्रामला देतं, आणि प्रोग्राम ते दाखवून खिडकी पुढे आणतो. बाजार समितीच्या फाटकातून माल बाहेर काढताना गेटपास लागतो तसं. पास त्या गाडीचा, त्या फेरीचा. टोकन नसेल तर खिडकी उघडते, पण मागे राहते आणि शेल तुम्हाला फक्त ती तयार असल्याचं कळवतं.

टोकन आमच्यापर्यंत येत होतं, जीटीके ते आपणहून हाताळतं. प्रश्न क्रमाचा होता. कृती आली की आधी डेटाबेसमधून लॉट वाचायचा, शेतकऱ्याची मागची बाकी बघायची आणि हे सगळं हाती आल्यावर मग खिडकी पुढे आणायची, असा क्रम होता. वाचन पार्श्वभूमीत चालायचं. ते संपून खिडकीची पाळी येईपर्यंत कृतीचा क्षण उलटून गेलेला असायचा आणि खिडकी टोकनाशिवाय उघडायची. क्रम उलटा केला. कृती आली की त्याच क्षणी खिडकी पुढे आणायची, तीत लॉटचा नंबर आणि ‘माहिती येत आहे’ एवढं दाखवायचं, मग सावकाश बाकीचं भरायचं. त्यानंतर एका दाबात काम व्हायला लागलं. माणसालाही हे बरं वाटतं, दाबलेलं पोचलं हे त्याला लगेच दिसतं.

याच्यापुढचं काम डेस्कटॉपचं कमी आणि आडतीचं जास्त होतं. माझ्या मते खरं मोल त्यालाच आहे.

सूचना पाठवली तेव्हा लॉट ४७ ची पट्टी व्हायची होती. क्लिक आला तोवर ती झालेली असू शकते, पैसेही दिलेले असू शकतात. सूचनेत ‘पट्टी करायचा फॉर्म उघड’ अशी कृती बांधून पाठवली असती तर काकांसमोर झालेल्या लॉटचा रिकामा फॉर्म आला असता, आणि गर्दीत एकाच मालाच्या दोन पट्ट्या व्हायला वेळ लागला नसता. म्हणून लक्ष्यात फक्त नंबर ठेवला. काय उघडायचं हे क्लिकच्या वेळी डेटाबेसला विचारून ठरतं. पट्टी बाकी असेल तर फॉर्म, झाली असेल तर झालेली पट्टी वाचण्यापुरती, लॉट रद्द झाला असेल तर तसं स्पष्ट सांगणारी ओळ. सूचनेने कोणत्या लॉटबद्दल ते सांगावं, त्या लॉटचं काय करायचं ते प्रोग्रामने त्या वेळची परिस्थिती बघून ठरवावं.

शिळ्या सूचना यादीत राहू नयेत याचीही व्यवस्था केली. सूचना पाठवताना आपण तिला आपलं नाव देऊ शकतो. आम्ही लॉटच्या नंबरावरूनच नाव देतो. काट्यावर फेरवजन झालं तर त्याच नावाने नवी सूचना जाते आणि जुनीची जागा घेते, म्हणून एका लॉटच्या दोन सूचना कधी दिसत नाहीत. काकांनी सूचना न दाबता थेट प्रोग्राममधून लॉट उघडला तर ती मागे घेतली जाते. आता ती यादी म्हणजे पट्टी बाकी असलेल्या लॉटांची यादी झाली आहे. काका दुपारी जेवून आले की आधी तीच उघडतात.

बटणांवरून मामाशी थोडी चर्चा झाली. ग्नोम एका सूचनेवर तीन बटणं दाखवतं. मामा म्हणाला, “अगं, एक बटण पट्टी छापायचं ठेव की. दाबलं की प्रिंटच बाहेर.” मला ते नको होतं. सूचना कधी पडद्यावर येईल ते आपल्या हातात नसतं. माणूस दुसरीकडे क्लिक करायला जातो आणि नेमकी त्याच वेळी सूचना बोटाखाली येते. असा क्लिक खिडकी उघडून थांबला तर बिघडत नाही, खिडकी बंद करता येते. छापलेली पट्टी शेतकऱ्याच्या हातात गेली की ती परत मागणं अवघड. पट्टीवरच्या आकड्यावर त्याच्या वर्षाचा हिशेब असतो. म्हणून जे मागे घेता येत नाही ते सूचनेवरच्या बटणाला द्यायचं नाही, असं मी मामाला सांगितलं. मामाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, बरं, राहू दे. सध्या एकही बटण नाही, अंगावर क्लिक एवढंच.

काकांनी पावतीमागे नंबर लिहिणं एकदम सोडलं नाही. काही दिवस दोन्ही चालू होतं, दाबायचे आणि लिहायचेही. मी काही म्हटलं नाही. एकदा माहिती गायब केलेल्या गोष्टीवर पुन्हा भरवसा बसायला वेळ लागणार, तो त्यांचा हक्क आहे.

मग हाच प्रोग्राम नांदेडच्या एका ओळखीच्या आडत्याकडे गेला. तिथे केडीई प्लाझ्मा आहे, आणि तिथे उशिराचा क्लिक पुन्हा विरायला लागला. कारण जीलिबच्या आत आहे. जीनोटिफिकेशन पाठवताना जीलिब बघतं की ग्नोम शेलची खास वाट, ऑर्ग डॉट जीटीके डॉट नोटिफिकेशन्स, बसवर आहे का. ती असेल तर तिने जातं. नसेल तर सगळ्यांच्या सामायिक फ्रीडेस्कटॉपच्या वाटेने जातं, आणि त्या वाटेवर सूचना पुन्हा क्रमांकाची होते, चालू असलेल्या प्रोग्रामची. प्रोग्राम बंद असेल तर हाळी ऐकायला कुणी नाही. त्या वाटेचा मूळ करारही सांगतो की क्लिकची हाळी येईलच असं प्रोग्रामने गृहीत धरू नये, काही डेस्कटॉपांवर ती सोयच नसेल. तेव्हा यात प्लाझ्माकडे बोट दाखवायचं कारण नाही. सामायिक वाट जेवढं देते तेवढंच तिच्याकडे मागायला हवं.

नांदेडसाठी प्रोग्राम लॉगिनबरोबर खिडकीविना सुरू केला आणि जीॲप्लिकेशनच्या ‘होल्ड’ने जागा ठेवला, म्हणजे शेवटची खिडकी बंद केली तरी तो संपत नाही. पण मशिनच बंद झालं तर? त्यासाठी सुरू होताच तो डेटाबेसमध्ये बघतो, वजन झालेले पण पट्टी न झालेले लॉट गोळा करतो, आणि प्रत्येकाची सूचना त्याच्या ठरलेल्या नावाने पुन्हा पाठवतो. ती आवाज न करता यावी म्हणून तिची प्राथमिकता कमी ठेवली, नाहीतर सकाळी मशिन लावताच सूचनांचा भडिमार व्हायचा.

हा शेवटचा भाग नंतर लातूरच्या मशिनवरही घातला. ग्नोमवर सूचना टिकते हे खरं, पण कुणी यादीतलं ‘सगळं पुसा’ दाबलं तर तीही जाते. आता पुसलं तरी पुढच्या वेळी प्रोग्राम सुरू होताना बाकी लॉट परत समोर येतात. फक्त एक सुधारणा राहिली आहे. पुसल्यावर त्याच दिवशी, प्रोग्राम बंद न करता, बाकी लॉट परत बघायचे असतील तर काकांना अजून मुख्य खिडकीत जावं लागतं. तिथे बाकी लॉटांचा आकडा दाखवणारी एक पट्टी वर लावायची आहे. तुरीची आवक सुरू व्हायच्या आत ती बसवते.